पायालाच विचारा : बुटातला इनसोल कसा निवडावा

लेखमाला : पावलांची काळजी – लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण टाचदुखीची कारणं पाहिली. सकाळी उठून जमिनीवर पहिलं पाऊल टेकवताच टाचेत कळ येते, थोडं चाललं की बरं वाटतं आणि संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. अशा दुखण्यात बहुतेक वेळा तळव्याखालचा जाड पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया, दुखावलेला असतो, हे आपण समजून घेतलं. त्या लेखांकानंतर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आला आहे : ‘बुटात घालायचा इनसोल घेऊ का? घ्यायचा तर कोणता?’

या प्रश्नाला उत्तर द्यायला सगळेच तयार असतात. औषधाच्या दुकानातला माणूस सिलिकॉनचा हील कप काढून देतो. मॉलमधल्या दुकानात यंत्रावर उभं करून तळव्याचं रंगीत चित्र दाखवतात आणि ‘तुमचा पाय फ्लॅट आहे’ असं सांगून महागडा इनसोल पुढे करतात. नात्यातलं कुणी गुट्ट्यागुट्ट्यांचा अ‍ॅक्युप्रेशरचा तळ पाठवून देतं. मग कपाटात दोन-तीन जोड पडून राहतात आणि टाच दुखतच राहते.

फिजिओथेरपिस्ट म्हणून रोज दुखरे पाय पाहताना माझं मत पक्कं होत गेलं आहे. ज्या पायाला नीट संवेदना आहे, त्या पायाला इनसोल घालून चालताना काय वाटतं, हीच निवडीची सर्वांत भरवशाची कसोटी आहे. खोक्यावरचं वर्णन, यंत्रावरचं चित्र आणि किंमत यांचा नंबर त्यानंतर लागतो. आणि ज्या पायाची संवेदना गेली आहे, त्या पायासाठी नियम पूर्ण उलटा आहे. आजच्या लेखांकात या दोन्ही गोष्टी नीट पाहू.

इनसोल काय करतो, काय करत नाही

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. ही हाडं आतल्या बाजूला कमानीसारखी रचलेली असतात आणि त्या कमानीखालून, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत, प्लांटर फॅशियाचा पट्टा ताणलेला असतो. हा पट्टा तुम्हाला आत्ता पाहता येईल. खुर्चीवर बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि पायाचा अंगठा हाताने नडगीच्या दिशेने मागे ओढा. तळव्याच्या मध्यभागी, आतल्या कडेला, दोरीसारखा ताठ झालेला पट्टा बोटाला लागेल आणि कमान उंचावलेली दिसेल. चालताना टाच उचलली गेली की दर पावलाला हेच होतं. दिवसभरात हजारो वेळा हा पट्टा ताणला जातो आणि सैल होतो. त्याची मुळं टाचेच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथे सहनशक्तीपेक्षा जास्त ताण पडत राहिला की दुखणं सुरू होतं.

टाचेखाली आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे : चरबीची गादी. प्रौढ माणसात ती साधारण पावणेदोन सेंटीमीटर जाड असते. मधाच्या पोळ्यात असतात तशा छोट्या छोट्या कप्प्यांत ही चरबी बंदिस्त असते, म्हणून वजन पडलं तरी ती बाजूला पसरत नाही. चाळिशीनंतर हे कप्पे हळूहळू सैल होतात, गादीची लवचीकता कमी होते आणि टाचेचं हाड जमिनीला जास्त जवळून जाणवू लागतं. साधं चालताना पाऊल टेकतं तेव्हा शरीराच्या वजनाहून थोडा जास्तच भार त्याच्यावर येतो, आणि धावताना तो दुप्पट-तिप्पट होतो.

इनसोल इथे तीन कामं करू शकतो. तो धक्का मऊ करतो. एका जागी पडणारा दाब तो मोठ्या भागावर पसरवतो. आणि कमानीखाली आधार देऊन तो पट्ट्यावरचा ताण थोडा कमी करतो. हाडांची रचना मात्र तो बदलत नाही. सपाट पायात त्याने कमान ‘तयार’ होत नाही आणि टाचेचं वाढलेलं हाड विरघळत नाही. त्या वाढलेल्या हाडाची भीती बाळगण्याचंही कारण नाही. टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही ते दिसतं. दुखावलेला भाग शरीर स्वतःच भरून काढतं. तो भरून येईपर्यंत त्याच्यावरचा भार कमी ठेवणं, एवढंच इनसोलचं काम, आणि ते काम मोलाचं आहे.

आधी दुखण्याची जागा शोधा

दुकानात जाण्याआधी अंगठ्याने तळवा दाबून पाहा. नेमकं कुठे दुखतं, यावर इनसोलचा प्रकार ठरतो.

टाचेच्या पुढच्या भागात, आतल्या कडेला दाबल्यावर कळ येत असेल आणि सकाळचं पहिलं पाऊल सर्वांत वाईट असेल, तर ते पट्ट्याचं दुखणं. इथे टाचेला खोलगट बैठक आणि कमानीखाली घट्टसर आधार असलेला इनसोल उपयोगी पडतो. नुसती मऊ गादी पुरत नाही.

टाचेच्या बरोबर मधोमध, ठेच लागून हुळहुळल्यासारखं दुखत असेल आणि टणक फरशीवर उभं राहिल्यावर ते वाढत असेल, तर बहुधा चरबीची गादी दुखावली आहे. इथे हील कप चांगला. त्याच्या उभ्या कडा टाचेला चारही बाजूंनी धरतात, चरबी बाजूला पसरू देत नाहीत आणि हाडाखाली तिची जाडी टिकवून ठेवतात. म्हणून कपाच्या कडा किती उंच आणि घट्ट आहेत, हे त्याच्या मऊपणाइतकंच महत्त्वाचं.

चवड्याखाली, बोटांच्या मुळाशी आग होत असेल किंवा खडा रुतल्यासारखं वाटत असेल, तर तिथे मेटाटार्सल पॅड लागतं. हे पॅड जवळपास प्रत्येक जण चुकीच्या जागी लावतो, थेट दुखऱ्या जागेखाली. त्याने दुखणं वाढतं. पॅडचा फुगीर भाग दुखऱ्या हाडांच्या डोक्यांच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला यायला हवा. म्हणजे ती हाडं उचलली जातात आणि त्यांच्यावरचा भार मागे सरकतो. जागा सापडवायची एक सोपी युक्ती आहे. तळव्यावरच्या दुखऱ्या ठिकाणी कुंकवाचं बोट टेकवा आणि बुटातला तळ बाहेर काढून त्यावर पाऊल ठेवा. ठिपका उमटेल. पॅडची पुढची कड त्या ठिपक्याच्या मागे यावी.

काही दुखण्यांत मात्र इनसोलच्या वाटेला जाऊच नका, आधी डॉक्टरांना दाखवा. रात्री झोपेतून जागं करणारं दुखणं, ताप किंवा सूज असलेलं, मार लागल्यावर सुरू झालेलं किंवा मुंग्या-बधिरपणासह येणारं दुखणं यात मोडतं. तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली राहत असेल, तर संधिवाताचा एक प्रकार त्यामागे असू शकतो. मोठ्या माणसाचा एकच पाय नव्याने सपाट होऊ लागला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला सूज असेल, तर तिथला स्नायूबंध निकामी होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी घालवलेले महिने महागात पडतात.

पायाच्या ठशावरून निवड?

ओला पाय फरशीवर टेकवून उमटलेला ठसा पाहायचा, कमान उंच की सपाट ते ठरवायचं आणि त्यानुसार बूट किंवा इनसोल घ्यायचा, ही पद्धत अनेक वर्षं सांगितली जाते. यंत्रावरचं रंगीत चित्र ही तिचीच सुधारित आवृत्ती. पटण्यासारखी असल्यामुळे ती टिकून राहिली. पण ती मोठ्या प्रमाणावर तपासली गेली तेव्हा तिचा फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन कोअरमध्ये नव्याने भरती झालेल्यांवर हे प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष २००९ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. प्रशिक्षणातल्या दुखापतींच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

मग कशाने फरक पडतो? कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठातले बेनो निग आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये २०६ सैनिकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या आकारांचे आणि कडकपणाचे इनसोल घालून पाहून प्रत्येक सैनिकाने त्याला किती आरामदायक वाटतं ते नोंदवायचं होतं. एकच इनसोल सगळ्यांना आवडला, असं झालं नाही. पायाची ठेवण आणि तळव्याची संवेदनशीलता यांनुसार प्रत्येकाची पसंती बदलत होती. आणि आरामदायक वाटलेला इनसोल वापरणाऱ्यांत दुखण्यांचं प्रमाण इनसोल न वापरणाऱ्यांपेक्षा कमी राहिलं. निग यांनी पुढे हाच विचार मांडला : पायाला सुखावणारी गोष्ट निवडली की शरीर आपल्या स्वाभाविक चालीने चालतं आणि स्नायूंना उगाच जादा कष्ट पडत नाहीत.

सपाट पाय म्हणजे आजार, ही समजूतही इथेच सोडून द्यायला हवी. अनेक निरोगी माणसांचे पाय जन्मभर सपाट असतात आणि कधीही दुखत नाहीत. न दुखणाऱ्या सपाट पायाला इनसोलची गरज नाही.

महागाचा तोच चांगला का?

माप घेऊन, साचा करून बनवलेला इनसोल हजारोंच्या घरात जातो. तयार इनसोल काही शे रुपयांपासून मिळतो. नेहमीच्या टाचदुखीसाठी एवढा खर्च करावा का, यावर दोन चांगले अभ्यास आहेत.

पहिला अमेरिकेतला, १९९९ मधला. १५ केंद्रांतल्या २३६ रुग्णांना पाच गटांत विभागलं होतं. पोटरीचा आणि तळव्याचा ताण देणारा व्यायाम सगळेच करत होते. एका गटाला फक्त व्यायाम, तर बाकीच्यांना त्यासोबत सिलिकॉनचं, रबराचं किंवा फेल्टचं तयार पॅड, नाहीतर मापाने बनवलेला इनसोल. ८ आठवड्यांनी सुधारणा झालेल्यांचं प्रमाण असं होतं : सिलिकॉन ९५ टक्के, रबर ८८, फेल्ट ८१, फक्त व्यायाम ७२ आणि मापाने बनवलेला इनसोल ६८ टक्के. सर्वांत खर्चीक उपाय सर्वांत मागे राहिला. आणि नुसत्या व्यायामानेही दहातले सात जण सुधारले, हेही लक्षात ठेवा.

दुसरा ऑस्ट्रेलियातला, २००६ मधला. १३५ रुग्णांपैकी काहींना मऊ फोमचा नाममात्र तळ दिला, काहींना तयार घट्ट इनसोल आणि काहींना मापाने बनवलेला. तीन महिन्यांनी खऱ्या आधाराच्या दोन्ही प्रकारांत चालण्या-फिरण्यात थोडा जास्त फायदा दिसला. तयार आणि मापाचा यांच्यात फरक नव्हता. वर्षभरानंतर तिन्ही गट जवळपास सारखेच झाले होते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. साध्या टाचदुखीत सुरुवात तयार इनसोलने करा. तो पहिल्या काही महिन्यांचा त्रास हलका करतो. वर्षभरात बहुतेकांची टाच बरी होतेच. मापाने बनवलेल्या इनसोलची गरज खरोखर असते ती वेडीवाकडी हाडं, जुनं फ्रॅक्चर, संधिवाताने बदललेली बोटं, पायांच्या लांबीतला मोठा फरक किंवा मधुमेहाने बधिर झालेलं पाऊल असलेल्यांना. अशा वेळी दुकानदाराकडे न जाता प्रशिक्षित ऑर्थोटिस्टकडे जावं. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या सरकारी संस्थेत ही सोय आहे, आणि अनेक मोठ्या सरकारी रुग्णालयांतही तसे विभाग असतात.

दुकानात काय पाहायचं

संध्याकाळी जा. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात आणि दुखणंही जागं असतं. ज्या बुटात इनसोल घालायचा तो बूट आणि रोजचे मोजे सोबत न्या.

आधी बुटातला मूळ तळ बोटाने टाचेकडून उचलून बाहेर काढा. तो उजेडात धरून नीट पाहा. टाचेच्या जागी खळगा पडलेला असेल, अंगठ्याखाली काळपट ठसा असेल. दाब कुठे जास्त पडतो ते तिथे लिहिलेलं असतं. एका बाजूची कड पार दबली असेल तर तेही ध्यानात घ्या. मूळ तळ चिकटवलेला असेल आणि निघतच नसेल, तर त्या बुटात पूर्ण लांबीचा जाड इनसोल घालू नका. पाऊल वर उचललं जातं, टाच बाहेर निसटते आणि बोटं वरून घासतात. तिथे पाऊण लांबीचा, चवड्याच्या मागे संपणारा इनसोल चालतो.

मग नवा इनसोल हातात घ्या. कमानीखालचा भाग अंगठ्याने जोर देऊन दाबा. तो थोडा दबून परत वर आला पाहिजे. अंगठा थेट खालच्या बाजूला टेकला तर उभं राहिल्यावर तुमच्या वजनाखाली त्याचं अस्तित्वच उरणार नाही. मेमरी फोमचे बरेच तळ असेच असतात. दुकानात पहिल्या क्षणी पाय सुखावतो, पण काही आठवड्यांत ते चपटे होतात. ईव्हीए फोमचा तळ हलका असतो आणि बऱ्यापैकी आधार देतो. सिलिकॉन धक्का छान झेलतं, पण जड असतं आणि पूर्ण तळव्याला लावलं तर पाय घामेजतो, म्हणून ते टाचेपुरतंच बरं. कॉर्क टिकाऊ असतो आणि हळूहळू पायाच्या आकाराला बसतो. प्लास्टिकच्या कडक कवचावर मऊ थर असलेला इनसोल सर्वांत जास्त आधार देतो, पण सगळ्यांना तो मानवत नाही.

इनसोल बुटात घालून दहा मिनिटं तरी चाला. जिना असेल तर चढा-उतरा. दुखऱ्या पायावर एकट्याने क्षणभर उभे राहा. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा : दुखणं कमी झालं का? कमानीचा उंचवटा कमानीच्या मधोमध येतो की पुढे-मागे टोचतो? आणि काही वेळाने पायात काही घातलंय हे विसरायला होतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर तो तुमचा इनसोल. ‘सवय होईल’ म्हणून टोचणारा इनसोल कुणी गळ्यात मारू पाहत असेल, तर नको म्हणा. थोडं वेगळं वाटणं आणि टोचणं यांतला फरक पायाला बरोबर कळतो. एक पाय दुखत असला तरी हील कप आणि टाच उंचावणारी पॅडं दोन्ही बुटांत घाला. नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर कुरकुरू लागते.

दिवसाचे तास कुठे जातात?

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. चांगल्या प्रतीचा इनसोल घेऊनही टाचदुखी थांबत नव्हती.

“बाई, हा इनसोल असतो कुठे?”

“सकाळी फिरायला जाते ना, त्या बुटात.”

“आणि शाळेत?”

“शाळेत साधी सपाट सँडल. साडीवर बूट कसे घालणार? घरी तर अनवाणीच.”

त्यांचा इनसोल अगदी योग्य होता, पण तो पायाखाली असायचा फक्त सकाळच्या अर्ध्या तासात. वर्गात शहाबादी फरशीवर उभं राहण्याचे तास आणि स्वयंपाकघरात ग्रॅनाइटच्या ओट्यापुढचे तास दुखऱ्या टाचेला कसलाच आधार नव्हता. आम्ही दोनच बदल केले. शाळेसाठी टाचेकडे खोलगट बैठक आणि कमानीला आधार असलेली, मागे पट्टा असलेली सँडल घेतली. घरात फक्त घरापुरती वापरायची एक स्वच्छ मऊ चप्पल ठेवली आणि ती पलंगाशीच ठेवायची, म्हणजे सकाळचं पहिलं पाऊल फरशीवर न पडता चपलेतच पडेल. काही आठवड्यांत सकाळची कळ ओसरली.

आपल्याकडे बहुसंख्य लोक दिवसभर चपला-सँडलीच वापरतात आणि घरात अनवाणी वावरतात. म्हणून इनसोल घेण्याआधी कागदावर लिहून काढा : आपण किती वेळ उभे असतो, कुठे आणि पायात काय घालून. आधार तिथे द्या. चपलेत सुटा इनसोल टिकत नाही, घसरतो. त्यासाठी घडवलेल्या तळाचीच चप्पल घ्यावी. बसमधले कंडक्टर, चौकातले वाहतूक पोलीस, वॉर्डातल्या नर्सताई यांच्या पायात बूट असतात. त्यांना इनसोलचा फायदा पुरेपूर मिळतो, कारण उभं राहण्याचे तास आणि इनसोलचे तास तेच असतात.

पावसाळ्यात इनसोल रोज रात्री बुटाबाहेर काढून पंख्याखाली वाळवा. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये ओला तळ बुटातच राहिला की वास येतो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कडक उन्हात मात्र ठेवू नका, फोम आकसतो. आणि आषाढीला पायी वारीला निघणाऱ्यांना विनंती : नवा इनसोल किंवा नवे बूट आळंदी-देहूहून निघायच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. निदान महिनाभर आधी घेऊन रोजच्या चालण्यात ते अंगवळणी पाडा.

मुलांचे सपाट पाय

पालकांची काळजी मला समजते, म्हणून स्पष्ट लिहितो. लहान मुलांच्या पायांना कमान नसणं हे स्वाभाविक आहे. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत ती हळूहळू दिसू लागते. मुलाला चवड्यांवर उभं करा. तेव्हा कमान दिसली आणि पाय दुखत नसतील, तर काहीही करायला नको. टेक्सासमधल्या एका अभ्यासात १ ते ६ वर्षांच्या अशा मुलांना तीन वर्षं खास बूट आणि इनसोल दिले आणि काहींना काहीच दिलं नाही. १९८९ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्यांच्या कमानी सारख्याच सुधारल्या होत्या.

आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या मणिपालमध्ये, उदयभास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. त्यातही बंद बुटांपेक्षा चपला-सँडली वापरणाऱ्यांत ते कमी होतं. म्हणून मुलांना सुरक्षित जागी, अंगणात, वाळूत, गवतावर अनवाणी खेळू द्या.

ज्या पायाला सांगता येत नाही

आतापर्यंतचा सगळा सल्ला पायाला वेदना कळते, या एका गृहीतावर उभा आहे. ती कळत नसेल तर वरची कसोटी धोक्याची ठरते.

तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगररांगांत १९१४ मध्ये जन्मलेले शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांच्या पायांवरच्या जखमा रोगाने मांस सडल्यामुळे होतात, असं तेव्हा मानलं जाई. ब्रँड यांनी दाखवून दिलं की नसा बधिर झाल्याने दुखणं कळत नाही, माणूस जखमेवरच चालत राहतो आणि त्यामुळे पाय झडतो. वेदना ही शरीराची राखण आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. बधिर पायांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या तळाची चप्पल भारतात रुजली ती याच कामातून. आज तिला एमसीआर चप्पल म्हणतात आणि राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून ती रुग्णांना मोफत दिली जाते.

आता तोच प्रश्न मधुमेहाने कितीतरी मोठ्या प्रमाणावर उभा केला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात तळव्याची संवेदना हळूहळू जाते आणि माणसाला ते कळतही नाही. घट्ट इनसोल, टोचणारी शिवण, बुटात पडलेला खडा, काहीच जाणवत नाही. संध्याकाळी मोज्यावर रक्ताचा डाग दिसतो तेव्हा जखम झालेली असते.

म्हणून मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून संवेदनेची तपासणी करून घ्यावी. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला ‘लागलं का?’ असं विचारतात. दोन मिनिटांचं काम. संवेदना गेली असेल, तर इनसोल स्वतःच्या मनाने घेऊ नका. कमानीचा कडक आधार, अ‍ॅक्युप्रेशरचे गुट्टे, अंगठ्यात अडकवायची चप्पल या तिन्ही गोष्टी बाद. तळ मऊ पण दाबल्यावर परत वर येणारा, बोटांना प्रशस्त जागा, मागे पट्टा आणि आत एकही खिळा नाही, असं पादत्राण हवं आणि ते जाणकाराने तपासून दिलेलं हवं. घालण्यापूर्वी दर वेळी आत हात फिरवून पाहा. रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा वापरा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. पाय अचानक लाल, गरम आणि सुजलेला दिसला, पण दुखत नसला, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घेतल्यानंतर

संवेदना शाबूत असलेल्यांनी नवा इनसोल पहिल्या दिवशी तास-दोन तास वापरावा आणि मग दिवसागणिक वेळ वाढवत आठ-पंधरा दिवसांत पूर्ण दिवसावर यावं. सुरुवातीला कमानीत किंवा पोटरीत हलका ओढा जाणवला तर काळजी नको. फोड आले, गुडघा किंवा कंबर दुखू लागली किंवा दोन-तीन आठवड्यांनी दुखणं वाढलं, तर तो इनसोल तुमचा नाही. कितीही पैसे दिलेले असोत, काढून ठेवा. तळ चपटा झाला, कडा फाटल्या की बदला. रोज वापरणाऱ्याला वर्षाच्या आतच ही वेळ येते.

आणि इनसोलवर थांबू नका. तो भार हलका करतो, तो पेलण्याची ताकद मात्र व्यायामानेच येते. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी अंगठा मागे ओढून तळव्याला दहा वेळा ताण द्या, प्रत्येक वेळी दहा आकडे मोजेपर्यंत. या आठवड्यात एवढंच सुरू करा. पुढच्या लेखांकात पायरीच्या कडेवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून करायचा टाच उचलण्याचा व्यायाम पाहू. पोटरी आणि तळवा यांना तो एकत्र बळकट करतो, आणि बहुतेकांच्या बुटातून इनसोल एक दिवस बाहेर काढता येतो तो त्याच्याच जोरावर.